पाण्याचा हिशोब, झोपेचा हिशोब: अटलांटिक ओलांडताना झालेल्या एका भांडणाचं प्रकरण

हे प्रकरण काही वर्षांपूर्वीचं आहे. चाळीस फुटी शिडाची बोट, चार माणसं आणि समोर अटलांटिक. माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. वेळा, अंतरं आणि पाण्याचे लिटर मात्र तसेच ठेवलेत, कारण सगळं भांडण त्यांच्यातच आहे. चौघांपैकी एक मी होतो. त्यामुळे हे लिखाण तटस्थ नाही, आणि मी निर्दोषही नाही.

पार्श्वभूमी

युरोपातून शिडाच्या बोटीने कॅरिबियनला जायचा रस्ता शेकडो वर्षं जवळजवळ तोच आहे. कोलंबसही 1492 साली कॅनरी बेटांवरूनच पुढे निघाला होता. आजही बोटी तिथे लास पाल्मासला जमतात आणि हरिकेनचा हंगाम नोव्हेंबरअखेर सरला की निघतात. मग दक्षिणेला उतरत ईशान्येचे व्यापारी वारे गाठायचे आणि वारा पाठीशी घेऊन पश्चिमेला सुटायचं. आम्ही मधे केप व्हर्देच्या मिंडेलो बंदरात थांबणार होतो. लास पाल्मास ते मिंडेलो साधारण 860 सागरी मैल, तिथून बार्बाडोस सुमारे 2,000. आमच्या बोटीच्या वेगाने पहिला टप्पा आठवड्याचा आणि दुसरा सोळा-सतरा दिवसांचा.

बोट दादांची. मूळचे पुण्याचे, वय 59, पंचवीस वर्षं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर. यॉटमास्टरचं, म्हणजे कप्तान म्हणून बोट चालवायचं, प्रमाणपत्र खिशात, इंग्लिश खाडी कितीतरी वेळा ओलांडलेली. कप्तान अर्थातच तेच. भाऊ हे त्यांचे कॉलेजातले मित्र, ठाण्याचे, बँकेतून निवृत्त. सेलिंगचा अनुभव म्हणजे एक कोर्स आणि मांडव्याच्या बाजूला घालवलेले काही शनिवार-रविवार. तिसरी एक पोलिश मुलगी, वय 27. बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवण्याच्या दोन सफरी तिने केल्या होत्या, आणि लास पाल्मासच्या धक्क्यावर 'क्रू म्हणून यायला तयार' अशी चिठ्ठी लावून ती बोट शोधत होती. चौथा मी, रत्नागिरीकडचा, मर्चंट नेव्हीत चौदा वर्षं काढून आता किनाऱ्यावर नोकरी करणारा. बोटीवर मी दोघांना दादा आणि भाऊच म्हणायचो, इथेही तेच म्हणतो.

निघण्याआधी चौघांनी एकत्र किती दिवस काढले होते? दोन. लास पाल्मास ज्या बेटावर आहे त्या ग्रान कनारियाच्या किनाऱ्याने जाऊन परत आलो, रात्री धक्क्याला लागलो, वाईन प्यायलो आणि 'जमतंय की' म्हणालो. नौदलाच्या तारिणीवरच्या सहा जणी 2017-18 मध्ये 254 दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या. त्यांची बोट 56 फुटी होती, आमच्यापेक्षा फार मोठी नाही. पण निघण्याआधी त्या म्हादेई या नौदलाच्याच दुसऱ्या बोटीवरून एकत्र मॉरिशस आणि केपटाऊनपर्यंत जाऊन आल्या होत्या. हे मला तेव्हाही माहीत होतं, कौतुकाने चार जणांना सांगितलंही होतं. त्यातून आपण काही शिकावं, हे सुचलं नाही.

कागदावरची व्यवस्था

वॉचचं, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्यांचं, वेळापत्रक दादांनी केलं. तीन तास काम, नऊ तास सुट्टी. रात्री नऊ ते बारा दादा, बारा ते तीन ती, तीन ते सहा भाऊ, सहा ते नऊ मी. दिवसाही हाच क्रम. बोट ऑटोपायलटवर. एकट्याने कॉकपिटमध्ये बसायचं, कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा, दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षितिज न्याहाळायचं आणि एआयएसवर, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्रावर, जहाजं बघायची. नऊ तास सुट्टी म्हणजे चैनच, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

या सुट्टीतून स्वयंपाक, भांडी, दुरुस्ती आणि हवामानाच्या फायली जातात. त्यातून उरलेल्या वेळात झोप लागेलच असं नाही, आणि ती लागते की नाही हे तुम्ही कुठे झोपता त्यावर असतं. पाहुणे म्हणून भाऊंना मागची केबिन दिली होती. दादा दुसऱ्या बाजूच्या मागच्या केबिनमध्ये, मी मधल्या बाकावर. मुलीला मिळाली नाळेतली, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकातली केबिन. बंदरात ती बोटीतली सगळ्यात छान जागा. समुद्रावर मात्र नाळ दर लाटेला उचलली जाते आणि आपटते, डोक्यावर साखळी खडखडते, आणि माणूस गादीवरून अधांतरी होतो. मिंडेलोला पोचेपर्यंत ती मधल्या खोलीत जमिनीवर, शिडांच्या पिशव्यांवर झोपू लागली होती. मी रोज पहाटे तिला ओलांडून वॉचला जायचो. 'गरम होत असेल पुढे,' एवढाच विचार मनात आला.

आणखी एक गोष्ट. मोठ्या जहाजावर बारा ते चार हा सेकंड ऑफिसरचा वॉच. तो मी कित्येक वर्षं केलाय. मध्यरात्रीचे ते तास शरीरातून काय काढून घेतात, हे बोटीवर मला जितकं ठाऊक होतं तितकं कुणालाच नव्हतं. तरी वेळापत्रक बघून मी मनात म्हणालो, 'तरुण आहे, करेल.'

पहिला टप्पा: छोट्या छोट्या गोष्टी

लास पाल्मास ते मिंडेलो वारा चांगला होता, पण लाटा दोन दिशांनी येत होत्या. भाऊंना पहिले तीन दिवस बोट लागली. नंतर बरे दिसू लागले. रात्री तीनला मुलगी त्यांना उठवायची. ते 'हो हो' म्हणायचे, मग हळूहळू कपडे, मग चहा, मग वर. दहा मिनिटं, कधी पंधरा. तोवर ती बसून राहायची. तिने तक्रार केली नाही. नंतर कळलं की ती वहीत वेळ लिहून ठेवत होती.

दादांचं दुसरंच. शिडाचा आवाज बदलला की ते वर. दोराने कड्याशी कुरकुर केली की वर. कुणाचाही वॉच असो, येऊन दोर दोन इंच ओढायचे, काही न बोलता खाली जायचे. मुलीला वाटलं, आपल्यावर विश्वास नाही. भाऊंना वाटलं, हा आपल्याला तिच्यासमोर कमी दाखवतो. दादांना वाटत होतं, आपण जबाबदारी घेतोय.

आणि भाषा. तिघे मराठी, एक नाही. जेवताना कॉलेजच्या गोष्टी निघायच्या, हशा व्हायचा, आणि मधेच तिचं नाव यायचं. बहुतेक वेळा कौतुकानेच. पण ज्याला भाषा येत नाही त्याला ऐकू येतं फक्त आपलं नाव आणि पाठोपाठ हसू. आपल्यापैकी जे परदेशी ऑफिसात काम करतात त्यांनी हे दुसऱ्या बाजूने भोगलेलं असतं. आम्हीही भोगलं होतं.

मिंडेलो: हुकलेली संधी

माझ्या मते निर्णयाची खरी जागा ही होती. पुढे जे घडलं ते घडण्याआधी थांबायची, बोलायची, हवं तर उतरायचीही सोय इथे होती. विमानतळ होता, तीन दिवस हातात होते.

दुसऱ्या संध्याकाळी धक्क्यावर मुलीने मला विचारलं, "इथून दुसऱ्या बोटीवर गेले तर चालेल का?" मी म्हणालो, कप्तानाशी बोल. रात्री दादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "अरे, समुद्रातून बाहेर आल्यावर सगळ्यांनाच असं वाटतं. दोन दिवसांत विसरेल." त्यांना काळजी होती ती कागदपत्रांची. क्रूचा माणूस उतरला की त्याच्या परतीची जबाबदारी बहुतेक बंदरांत कप्तानावर येते. शिवाय तिघांत पुढे जाणं जड गेलं असतं. ती का जाऊ म्हणतेय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

पाणी भरायचं काम माझ्याकडे होतं. आमच्याकडे खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र नव्हतं. दोन टाक्या, पुढची 200 लिटरची, मागची 180 ची, आणि पाच-पाच लिटरचे बारा कॅन. मिंडेलोत पाणी समुद्राचंच, गोडं करून लिटरवर विकलं जातं. पुढची टाकी रिकामी होती, मागच्यात चाळीसेक लिटर उरलं होतं. पुढच्या टाकीत नळी घातली, काही वेळाने तोंडातून पाणी उसळून अंगावर आलं. भरली म्हणून झाकण लावलं. मग मागची भरली. पैसे दिले, पावती घेतली, कागदांच्या फाइलमध्ये टाकली.

टाकीत हवा अडकली की अर्धवट भरल्यावरही पाणी असं उसळतं. जहाजावर टाकीत माप टाकून मोजल्याशिवाय आम्ही आकडा लिहीत नसू. इथे तपासणीचं झाकण उघडायचा कंटाळा केला.

पाचवी रात्र

मिंडेलोपासून 650 मैलांवर. मागून 18 नॉटचा (तासाला 18 सागरी मैल) वारा, पुढचं शीड एका बाजूला दांड्याने ताणून धरलेलं, मोठं शीड दुसऱ्या बाजूला. बोट दोन पंख पसरल्यासारखी धावत होती. चंद्र नव्हता.

पश्चिमेला जाताना घड्याळ मागे घ्यावं लागतं. मिंडेलो आणि बार्बाडोस यांत तीन तासांचा फरक आहे, म्हणजे वाटेत तीनदा एकेक तास. दादांनी त्या रात्री बारा वाजता घड्याळ पुन्हा अकरावर आणलं. हा जास्तीचा तास कुणाच्या वाट्याला जातो, हे कुणी बघितलं नाही. दादा आपले तीन तास पूर्ण करून झोपायला गेले आणि मुलगी वर आली. तिचा वॉच त्या रात्री चार तासांचा झाला.

तीनला तिने भाऊंना उठवलं. "हो हो." तीन-दहाला पुन्हा. मग ती वर येऊन बसली आणि, तिनेच नंतर सांगितलं तसं, तिचे डोळे मिटले. तीन-पंचवीसला मागून काळा ढग आला. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात रात्री असे झोडपे येतातच. जागा माणूस ढगाखालचे तारे विझताना बघतो आणि आधीच शीड कमी करतो. वारा 34 नॉटवर गेला. ऑटोपायलटला बोट धरवेना, ती एका बाजूला कलत वाऱ्याकडे वळली, शीड ताणणारा दांडा टोकाशी मोडला आणि शीड तोफेसारखं वाजू लागलं. मोठं शीड दुसऱ्या बाजूला आदळायचं वाचलं ते फक्त बूमला, म्हणजे त्या शिडाखालच्या आडव्या दांड्याला, आवरून बांधलेल्या दोरामुळे. दादा चड्डीवरच वर धावले, मागोमाग मी. वीस मिनिटांत शीड गुंडाळलं. कुणाला लागलं नाही.

सकाळ: पाणी

सात वाजता चहासाठी नळ उघडला तर पंप नुसता घरघरला. पुढची टाकी कोरडी.

आमचा अंदाज दिवसाला वीस लिटरचा होता. साडेपाच दिवसांत 110 लिटर जायला हवे होते, म्हणजे टाकीत नव्वद तरी शिल्लक हवे. बोटीच्या तळात पाणी नव्हतं, म्हणजे गळतीही नाही. दादांची झोप दोन तासांची. ते भाऊंकडे वळून मराठीत म्हणाले, "तू रात्री आंघोळी करतोस. मला पंप ऐकू येतो."

"एकदा दोन मग घेतले डोक्यावर. एकदा!"

"दोन मगांनी टाकी रिकामी होत नाही."

"मग तुझी टाकी तू बघ!"

मुलीने विचारलं, काय चाललंय. कुणी सांगितलं नाही. तिने सिंककडे बोट करून नळ उघडला, बंद केला. मग इंग्रजीत म्हणाली, "पाणी राहू द्या. रोज रात्री माझी पंधरा मिनिटं कोण घेतं, ते विचारा." आणि वही टेबलावर ठेवली.

भाऊंनी ती वाचली. "मी इथे नोकरीला आलेलो नाही," एवढं म्हणाले आणि केबिनचं दार लावून घेतलं. त्या दिवशीच्या त्यांच्या दोन्ही पाळ्या दादांनी आणि मी केल्या.

दुपारी हवामानाच्या कागदांसाठी मी फाइल काढली. पावती वरच होती. 250 लिटर.

दोन्ही टाक्या भरायला 340 लागायला हवे होते. मागची भरलेली होती, ते मी सकाळीच झाकण उघडून लाकडी काठीने मोजलं होतं. म्हणजे पुढच्या टाकीत पडले ते फक्त 110. साडेपाच दिवसांत 110 लिटर, अगदी ठरल्याप्रमाणे. कुणीही एक लिटर जास्त वापरलं नव्हतं.

पावती मी घडी घालून खिशात ठेवली. मनाशी म्हणालो, आत्ता वातावरण गरम आहे, थोडं निवू दे, मग सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती खिशातच होती.

कोणते पर्याय होते

परत फिरणं हा पर्याय नव्हताच. 650 मैल वाऱ्याच्या तोंडावर म्हणजे पुढे जाण्याइतकेच दिवस आणि दुप्पट हाल. शिडाच्या सफरीत एका ठरावीक मैलानंतर दार बंद होतं, आणि ते बंद होतानाचा आवाज कुणाला येत नाही.

कप्तान म्हणून दादा हुकूम देऊ शकले असते: भाऊंनी वेळेवर यायचं, पाण्याचा पंप बंद, विषय संपला. मी त्याच बाजूचा होतो. जहाजावर हेच चालतं, कोकणात होडीवर तांडेलाचा शब्द असाच चालतो. पण जहाजावर पगार असतो, करार असतो, आणि बंदरात उतरायची तारीख ठरलेली असते. इथे चाळीस वर्षांपासूनचा मित्र आणि फुकट काम करणारी मुलगी. मी दादांना 'सरळ ऑर्डर द्या' म्हणालो. आज वाटतं, हुकूम मला सोयीचा होता. हुकूम आला की चौकशी होत नाही.

तिसरा पर्याय, भाऊंना वॉचमधून पूर्ण काढून तिघांनी चालवायचं. सुरक्षित वाटलं, पण उरलेले दहा-अकरा दिवस तिघांची झोप आणखी कमी झाली असती, आणि भाऊ बोटीवर नुसतं सामान झाले असते. चौथा, काहीच न बोलता बार्बाडोस गाठायचं. हा पर्याय कुणी निवडत नाही, तो आपोआप होतो. दीड दिवस तोच चालू होता.

पाचवा दादांच्या बायकोकडून आला. दादा रोज संध्याकाळी सॅटेलाइट फोनवर दोन मिनिटं इंग्लंडला बोलत. त्या दिवशी त्यांनी भाऊंची तक्रार केली. वहिनींनी विचारलं, "तू सलग पाच तास शेवटचा कधी झोपलास?" दादांना आठवेना. "मग बाकीच्यांना विचार," त्या म्हणाल्या आणि वेळ संपली.

काय केलं

दुसऱ्या दिवशी चार वाजता दादांनी सगळ्यांना कॉकपिटमध्ये बोलावलं आणि आधीच सांगितलं, इथे इंग्रजीतच बोलायचं. एकेक कागद दिला. गेल्या तीन दिवसांत कोण किती तास झोपलं ते लिहायचं, आणि एक अशी गोष्ट जी कुणाला सांगितलेली नाही.

सरासरी निघाली ती अशी: दादा चार तास, मुलगी साडेचार, मी साडेसहा, भाऊ साडेआठ. तो आकडा वाचून दादांचा चेहरा कडक झाला. मग भाऊंनी दुसरी ओळ वाचली. मळमळ थांबायची गोळी ते लास पाल्मासपासून रोज घेत होते, बरं वाटू लागल्यावरही, कारण पुन्हा त्रास झाला तर आपण ओझं होऊ अशी भीती. त्यांची गोळी सिनारिझिनची, आणि तिने गुंगी येते. त्यांना उठवलेलं खरोखर कळत नव्हतं. 'हो हो' ते झोपेतच म्हणत होते. शिवाय काळोखात एकट्याने वर बसायची त्यांना भीती वाटत होती. म्हणून तो चहा.

मुलीने लिहिलं होतं: झोडप्याच्या वेळी मी झोपले होते. दादांनी आपली ओळ सगळ्यांच्या आधीच वाचली होती: मला वाटतं मी झोपलो तर कुणीतरी मरेल.

मग मी पावती टेबलावर ठेवली.

बोललं कुणीच नाही. भाऊंनी पावती उचलली, तारीख बघितली, मला विचारलं, "कधी सापडली?" मी म्हणालो, काल दुपारी. त्यांनी मान हलवली आणि पावती लॉगबुकात ठेवली.

पुढचं काम सोपं होतं, कारण आता आकडे सगळ्यांसमोर होते. पुढची टाकी संपली त्या सकाळी मागच्या टाकीत 180 आणि कॅनमध्ये 60, एकूण 240 लिटर होते. जुन्याच वापराने बारा दिवस. म्हणजे संकट नव्हतं, उशीर झाला तर हाताशी काही उरलं नसतं एवढंच. विजेचा पंप बंद केला, पायाचा पंप सुरू केला, भांडी खाऱ्या पाण्यात, दिवसाला 14 लिटर.

वॉच बदलले. रात्रीच्या बारा तासांचे चार-चार तास मुलीला, भाऊंना आणि मला, रोज क्रम फिरता. सुरुवातीला भाऊंसोबत पहिले दोन तास दादा बसायचे, आणि गोळी बंद. दादा वेळापत्रकाबाहेर, पण रात्री दहा ते दोन त्यांनी केबिनमध्येच राहायचं. याबदली मी त्यांना जहाजावरची पद्धत लिहून दिली, कप्तानाचे कायमचे आदेश. वारा 22 नॉटच्या वर गेला, जहाज दोन मैलांच्या आत येणार असं दिसलं, मागे काळा ढग आला, किंवा नुसती शंका आली, तरी उठवायचं. यातलं काही नसेल तर त्यांनी वर यायचं नाही. व्यापारी जहाजांवर कायद्याने चोवीस तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तास विश्रांती द्यावी लागते. खासगी बोटीला तो नियम लागत नाही, पण शरीर तेच असतं.

घड्याळ यापुढे दुपारी चारला, सगळे जागे असताना मागे घ्यायचं. बदलीचा माणूस दहा मिनिटं आधी वर. मुलगी मधल्या बाकावर, मी नाळेत. पहिल्या रात्रीच कळलं, ती जमिनीवर का झोपायची.

स्वयंपाक भाऊंनी मागून घेतला. जुन्या जहाजांवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणत. मी त्यांना तसं म्हटलं तर ते हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी प्रेशर कुकरमध्ये तीन भाग गोड्या आणि एक भाग समुद्राच्या पाण्यात भात लावून दाखवला. मीठ घालावं लागलं नाही.

परिणाम

सोळाव्या दिवशी रात्री उशिरा बार्बाडोसचे दिवे दिसले. अनोळखी किनाऱ्याला काळोखात लागायचं नाही म्हणून पहाटेपर्यंत बोट हळू ठेवली, आणि सतराव्या सकाळी ब्रिजटाऊनला नांगर टाकला. पाणी उरलं 86 लिटर. त्या दहा-अकरा दिवसांत आणखी चार झोडपे आले, चारही वेळा दादांना आधी हाक गेली. एकदा भाऊंनी मारली. ढग नव्हता, चंद्र उगवत होता. दादा वर आले, बघितलं, "बरोबर केलंस," म्हणाले आणि खाली गेले. माझ्या मते ते त्या सफरीतलं त्यांचं सगळ्यात चांगलं वाक्य.

मुलगी बार्बाडोसला उतरली, ते आधीच ठरलेलं होतं. निघताना तिने भाऊंना मिठी मारली. मला नाही. दादांच्या विनंतीवरून तिने वहीतलं ते पान लॉगबुकात चिकटवलं. भाऊ पुढे ग्रेनेडा बेटापर्यंत येणार होते, पण त्यांनी तिकीट बदलून घेतलं. विमानतळावर सोडायला मी गेलो. टॅक्सीत म्हणाले, "त्याने मला चोर म्हटलं, ते मी विसरेन. तो झोपला नव्हता. तू तर साडेसहा तास झोपला होतास."

दादा आणि त्यांचं पुण्याला भेटणं-बोलणं चालू आहे, पण बोटीचा विषय निघत नाही.

आज वेगळं काय करू

वेळापत्रक, घड्याळ, टाकीची काठी या गोष्टी एका दुपारी सुधारता आल्या. त्या निघण्याआधी करता आल्या असत्या, यात शंका नाही. पुढच्या वेळी केबिन वाटताना सफर समुद्रातली आहे हे धरून वाटीन. नाळेत कुणालाच झोपवणार नाही, जमलं तर मधल्या दोन बाकांवर आळीपाळीने झोपायचं. औषधं आधीच कप्तानाला सांगायची, ही अट घालीन. पण हे सोपं आहे.

अवघड आहे ते मिंडेलो. कुणी 'उतरू का' म्हणालं की कारण विचारायचं, आणि उत्तर ऐकून खरंच उतरू द्यायची तयारी ठेवायची. ती तयारी नसेल तर विचारण्यात अर्थ नाही. दादांकडे ती नव्हती, कारण चौथ्या माणसाशिवाय पुढे जायची योजनाच नव्हती. मग योजनाच अशी हवी की तिघांत जाता येईल.

कागदावर लिहून वाचण्याची युक्ती दर वेळी चालेल असं मला वाटत नाही. ती चालली कारण दादांनी स्वतःची ओळ आधी वाचली. कप्तानाने कागद वाटून हाताची घडी घालून बसायचं ठरवलं असतं, तर ती चौकशी झाली असती आणि भाऊंनी गोळीचं काढलंच नसतं. पाचव्या रात्रीपर्यंत थांबायलाही नको होतं. पहिल्या टप्प्यात तिसऱ्या दिवशी नुसते झोपेचे तास लॉगबुकात लिहायला लावले असते, वाऱ्याचा वेग लिहितो तसे, तरी मुलीचा साडेचारचा आकडा मिंडेलोच्या आधी दिसला असता.

दादा पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणतात, या वेळी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरून परतीच्या वाटेने. मला विचारलंय. मी हो म्हटलंय, दोन अटींवर: आधी चौघांनी मिळून चार-पाच दिवसांची, रात्री न थांबता सफर करायची, आणि पाणी भरायचं काम माझ्याकडे द्यायचं नाही. दादा म्हणाले, पहिली मान्य. पाणी मात्र तूच भरायचं.